पदपथ मोकळा ठेवणे : पथविक्रेते, दिव्यांग व्यक्ती आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी माहिती

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, पदपथावर किंवा त्याच्या कडेला भाजी, फळे, चहा, वडापाव, कपडे, चपला विकून घर चालवणारे आणि पीएम स्वनिधी योजनेचे कर्ज घेतलेले किंवा घेऊ इच्छिणारे पथविक्रेते. दोन, त्याच पदपथावरून ज्यांना रोज चालावे लागते असे लोक : व्हीलचेअर वापरणारे, पांढरी काठी घेऊन चालणारे, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, कडेवर मूल घेतलेली आई. हे दोघे पुष्कळदा एकाच घरात राहतात. गाडा लावणाऱ्याची आईही त्याच वाटेने दवाखान्यात जाते. तरी पदपथाचा विषय निघाला की "गाडे हटवा" आणि "पोटावर पाय देऊ नका" या दोनच गोष्टी ऐकू येतात. कायद्यात यापेक्षा बरेच काही सांगितलेले आहे. ते माहीत असेल तर माल उचलला जाण्याचा धोकाही कमी होतो आणि चालणाऱ्यावर रस्त्यात उतरण्याची पाळीही कमी वेळा येते.

आधी शब्दांविषयी, कारण अर्ज भरताना इथेच गोंधळ होतो. आपण बोलताना फेरीवाला, हातगाडीवाला, टपरीवाला म्हणतो. मराठी सरकारी कागदावर यांना "पथविक्रेता" म्हणतात. इंदूर किंवा ग्वाल्हेरला हिंदी अर्जावर "पथ विक्रेता" दिसेल, वडोदऱ्याला गुजरातीत "शेरी फेरिया", बेळगावला कन्नडमध्ये "बीदी बदी व्यापारी". योजना तीच, कायदाही तोच. एका जागी बसून विकणारे आणि डोक्यावर टोपली किंवा सायकल घेऊन फिरून विकणारे, दोघेही पथविक्रेतेच.

पदपथावर पहिला हक्क कोणाचा?

चालणाऱ्याचा. याबाबत न्यायालयांनी संदिग्धता ठेवलेली नाही. पण त्याच निकालांनी पोट भरण्याच्या हक्कालाही मान्यता दिली आहे, आणि ही दुसरी बाजू सांगायची बहुधा राहून जाते.

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांच्या झोपड्या हटवण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखले जाते. १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मानले. त्याबरोबरच पदपथ चालण्यासाठी असतात आणि खासगी कामासाठी ते अडवण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही सांगितले. १९८९ मध्ये दिल्लीतील विक्रेत्यांच्या सोदान सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले की रस्त्यावर व्यवसाय करणे हा घटनेतील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र अमुक एकच जागा मिळाली पाहिजे असा हक्क त्यातून निघत नाही, आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात.

या दोन्ही बाजू एकत्र आणणारा कायदा २०१४ मध्ये आला : पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. शहराने पथविक्रीची योजना कशी करावी हे त्याच्या पहिल्या अनुसूचीत दिले आहे. त्यात विक्रेत्यांना सामावून घेण्याबरोबर लोकांना रस्त्याने विनाअडथळा ये-जा करता आली पाहिजे हीही अट आहे. म्हणजे पदपथ मोकळा ठेवणे ही कायद्याबाहेरून आलेली मागणी नाही. तुम्हाला संरक्षण देणाऱ्या कायद्यातच ती लिहिलेली आहे.

दिव्यांग व्यक्तींसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि सार्वजनिक जागा, रस्ते, वाहतूक सुगम असणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्यानंतर १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पदपथांबाबत धोरण आखण्याचे निर्देशही सर्व राज्यांना दिले.

हे एवढ्या गांभीर्याने का घेतले जाते, ते एका आकड्यावरून कळते. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातात ३२,८२५ पादचारी मरण पावले. त्या वर्षी रस्त्यावर गेलेल्या दर पाच जिवांपैकी जवळपास एक पायी चालणाऱ्याचा होता. पदपथ अडलेला असला की माणूस गाड्यांच्या रांगेत उतरतो. व्हीलचेअरवरचा माणूस तर उतरला की पुढच्या उतारापर्यंत परत वर चढूच शकत नाही.

कर्ज मिळाले म्हणजे जागा मिळाली असे नाही

स्वनिधीच्या लाभार्थ्यांमध्ये सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत दिसतो, म्हणून थोडे सविस्तर.

पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची फेररचना झाली आणि कर्ज देण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. आता पहिला हप्ता १५,००० रुपयांपर्यंत, दुसरा २५,००० पर्यंत आणि तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत मिळतो. तारण लागत नाही. वेळेवर फेड केल्यास ७ टक्के व्याज अनुदान मिळते. डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक आहे. दुसरे कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड मिळू शकते.

या कर्जासाठी विक्रय प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागते. सर्वेक्षणात नाव राहून गेले असेल तर नगरपालिका किंवा महानगरपालिका शिफारस पत्र देते आणि त्यावरही कर्ज होते. पण शिफारस पत्र म्हणजे विक्रय प्रमाणपत्र नव्हे. "हा माणूस विक्रेता आहे, याला कर्ज द्यावे" एवढेच त्या पत्रात म्हटलेले असते. "याला या चौकात, या पदपथावर गाडा लावण्याची मुभा आहे" असे ते कुठेही सांगत नाही. अतिक्रमण विभागाची गाडी आल्यावर शिफारस पत्र किंवा बँकेची कर्जमंजुरी दाखवून जागा वाचेल असे धरून चालू नका.

जागेचा आधार विक्रय प्रमाणपत्र. ते नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने मिळते. या समितीच्या अध्यक्षपदी महापालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात. सदस्यांपैकी किमान ४० टक्के पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. शहराने दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात व्यवसाय सुरू करणाऱ्यालाही अर्ज करता येतो, पण त्या भागात जागा शिल्लक आहे का हे पाहून निर्णय होतो. प्रमाणपत्र देताना अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला, अल्पसंख्याक आणि दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य आहे. म्हणजे तुम्ही स्वतः दिव्यांग असाल आणि गाडा लावत असाल, तर अर्जासोबत दिव्यांगत्वाचे विशिष्ट ओळखपत्र (स्वावलंबन कार्ड) अवश्य जोडा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यावर काय छापले आहे ते नीट वाचा. कुठली जागा, कोणते दिवस, कोणती वेळ, कसला माल. वेळ वाटून दिलेली जागा असेल तर तुमची वेळ संपली की त्या दिवशीचा माल आणि गाडा उचलणे बंधनकारक आहे. रात्री गाडा तिथेच ताडपत्रीखाली बांधून ठेवणे ही अट मोडणे आहे. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही, विकताही येत नाही. विक्रेत्याचे निधन झाले किंवा कायमचे अपंगत्व आले तर मात्र जोडीदार किंवा अवलंबून असलेले मूल प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्यावर व्यवसाय करू शकते.

किती जागा मोकळी हवी?

"थोडी वाट ठेवा" असे सांगून भागत नाही, कारण प्रत्येकाचे "थोडे" वेगळे असते. पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार निवासी भागातही चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद, म्हणजे साधारण सहा फूट, आणि जमिनीपासून २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळा हवा. बाजारपेठेत गर्दीप्रमाणे याहून जास्त. १.८ मीटर हा आकडा मनाने ठरवलेला नाही. समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जायला एवढीच जागा लागते. तुमच्या प्रमाणपत्रात किंवा शहराच्या योजनेत वेगळे माप दिले असेल तर तेच पाळायचे.

हिशेब करून पाहू. समजा, बाजारातला पदपथ ३ मीटर रुंद आहे. तुमचा गाडा रस्त्याकडच्या कडेला, झाडे आणि खांब ज्या रांगेत आहेत त्याच रांगेत लावलेला आहे आणि तो ७५ सेंटिमीटर खोल आहे. गिऱ्हाईक एका ओळीत उभे राहिले की आणखी ४५ सेंटिमीटर जातात. उरले बरोबर १.८ मीटर. इथपर्यंत ठीक. आता गिऱ्हाइकांची दुसरी ओळ लागली की उरतात १.३५ मीटर. पलीकडच्या दुकानाने भिंतीलगत पुतळा किंवा बरण्यांचे रॅक मांडले तर एक मीटरच्या आसपास. त्यात कोणी स्कूटर उभी केली की संपलेच. गाड्याचे माप काटेकोर पाळूनही वाट अडते ती अशी. म्हणून स्वतःचा गाडा मोजताना गिऱ्हाईक उभे असताना मोजा, सकाळी मोकळ्या वेळी नव्हे.

यावर उपाय आहेत आणि त्यांना खर्च फार नाही. रांगेतले सगळे गाडे एकाच कडेला लावावेत. दोन्ही कडांना लावले की मध्ये बोळ तयार होतो. गिऱ्हाईक समोर न थांबता गाड्याच्या बाजूला, लांबीच्या दिशेने थांबेल अशी मांडणी केली की दुसरी ओळ चालण्याच्या पट्ट्यात येत नाही. क्रेट, पाण्याचा पिंप, गॅसची टाकी, बसायचे स्टूल गाड्याखाली किंवा गाड्याच्या रांगेत. कचऱ्याची बादली स्वतःची ठेवा. जागा स्वच्छ ठेवणे ही कायद्याने विक्रेत्याची जबाबदारी आहे, आणि तळणीचे तेल किंवा सांडलेले पाणी म्हाताऱ्या माणसाला खुबा मोडण्यासाठी पुरेसे असते.

उंचीकडे कोणाचे लक्ष जात नाही. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा शोधते. छातीच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीवर लटकणारी वस्तू काठीला कळत नाही. छत्रीची काडी, ताडपत्रीची दोरी, वेफर्सच्या पाकिटांची माळ, भावाचा पत्रा हे सगळे दृष्टिहीन व्यक्तीला थेट डोळ्यावर, कपाळावर लागते. २.२ मीटरपेक्षा खाली काहीही चालण्याच्या पट्ट्यावर येऊ देऊ नका. दोरी बांधावीच लागली तर गाड्यालाच बांधा, समोरच्या झाडाला किंवा दुकानाच्या शटरला नको.

पदपथावर पिवळ्या उठावदार फरश्या दिसल्या तर त्या शोभेच्या नाहीत. लांब रेघांची फरशी "सरळ पुढे चला" सांगते. ठिपक्यांची फरशी "थांबा, पुढे रस्ता, उतार किंवा वळण आहे" असे सांगते. त्यांच्यावर आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरात काही ठेवू नका. पदपथावरून रस्त्यावर उतरायला जिथे उतार केलेला असतो तिथे गाडा लावणे सर्वात वाईट. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते, आणि तो उतार बंद झाला की अख्खा पदपथ त्या माणसासाठी बंद होतो.

पदपथ मुळातच दीड मीटरचा असेल तर? तिथे स्थिर गाड्याला जागा नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अशा ठिकाणी "थोडे सरकून" काही साधत नाही. तुमचा हक्क त्या अरुंद पट्टीवर नसून विक्री क्षेत्रातल्या पर्यायी जागेवर आहे. समितीकडे ती लेखी मागा. शहराच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, सर्वेक्षणात नोंद झालेल्या सगळ्या विक्रेत्यांना सामावून घेण्याची योजना शहराने करायची असते. भुवनेश्वरने तर २०१४ च्या कायद्याच्या आधीच ठरावीक विक्री क्षेत्रे आखून विक्रेत्यांना एकसारख्या टपऱ्या दिल्या होत्या. चेन्नईच्या पाँडी बाजारात आधी विक्रेत्यांसाठी वेगळे संकुल झाले आणि मग रुंद पदपथ झाले. जागा आधी आणि हलवणे नंतर, हाच क्रम योग्य.

कारवाई झाली तर विक्रेत्याने काय करावे?

सर्वेक्षण पूर्ण होऊन पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असे कायद्याचे कलम ३ सांगते. प्रमाणपत्रातल्या जागेवरून हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि माल जप्त होऊ शकतो. हा दंड जप्त केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही.

माल उचलला जात असताना एकच गोष्ट लक्षात ठेवा : यादी. जप्त मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत तुम्हाला देणे बंधनकारक आहे. वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा यादी मागा. मिळाली नाही तर फोटो काढा, तारीख, वेळ आणि वाहनाचा क्रमांक लिहून ठेवा. माल परत मागितल्यावर भाजी, फळे, खाद्यपदार्थ असा नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेले शुल्क घेऊन परत केला पाहिजे. म्हणून मागणीचा अर्ज लगेच द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. घड्याळ त्या पोचेपासून चालू होते.

प्रमाणपत्र रद्द किंवा निलंबित करण्यापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि निर्णयाविरुद्ध अपील करता येते. तक्रारींसाठी कलम २० खाली स्वतंत्र समिती असते. तिचे अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेले असावे लागतात. पालिकेचा कर्मचारी तिच्यावर नेमता येत नाही. तुमच्या शहरात ती अजून स्थापन झाली नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राच्या नियमानुसार शुल्क १० रुपये आहे, राज्यांचे शुल्क थोडे वेगळे असू शकते. अर्जात तीन गोष्टी विचारा : शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, विक्री क्षेत्रांची यादी आणि समितीच्या शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर हीच उत्तरे उपयोगी पडतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्नाच्या इतरांनाही राज्याने ठरवलेल्या मर्यादेत मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. प्रमाणपत्राशिवाय किंवा अटी मोडून विक्री केल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमाणपत्राप्रमाणे व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याला मात्र पोलिसांनी किंवा कोणीही हा व्यवसाय करण्यापासून अडवू नये, असे कलम २७ म्हणते. प्रमाणपत्राची झेरॉक्स गाड्यावर ठेवा, मूळ प्रत घरी.

वाट अडली असेल तर चालणाऱ्याने तक्रार कशी करावी?

"पदपथावर अतिक्रमण आहे" एवढीच तक्रार केली की बहुधा एखाद्या दुपारी दोन-चार गाडे उचलले जातात आणि चार दिवसांनी सगळे पूर्ववत होते. वाट खरी कशाने अडली आहे ते लिहा. पुष्कळदा कारण गाडा नसतोच. दुकानाची वाढवलेली पायरी असते, विजेची पेटी असते, बांधकामाचा राडारोडा असतो, तुटलेले गटाराचे झाकण असते. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लावलेले खांब इतके जवळ असतात की व्हीलचेअरच आत जात नाही. मुंबईतल्या अशा खांबांच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. दोन खांबांमध्ये निदान ९० सेंटिमीटर अंतर लागते.

तक्रारीत जवळची खूण, दिवस आणि वेळ, मोकळी उरलेली रुंदी (टेप नसेल तर पावलांनी मोजा) आणि फोटो द्या. तुमची अडचण एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, "मी व्हीलचेअर वापरतो, या ठिकाणी मला मुख्य रस्त्यावर उतरावे लागते." फोटोत विक्रेत्याचा किंवा इतर कोणाचा चेहरा येण्याची गरज नाही. अडथळा दिसला की पुरे.

तक्रार कोणाकडे, हे अडथळ्यावर अवलंबून आहे. पदपथाची दुरुस्ती, गाडे, दुकानांच्या पायऱ्या आणि राडारोडा यांसाठी पालिकेचे प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालय. पदपथावर उभ्या केलेल्या वाहनांसाठी वाहतूक पोलीस. मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनुसार पदपथावर वाहन उभे करण्यास मनाई आहे. विजेच्या पेटीसाठी वीज कंपनी, पण पत्राची प्रत पालिकेलाही द्या, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. राष्ट्रीय महामार्गावरच्या अडचणीसाठी १०३३. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर नोंद करता येते, महाराष्ट्रात "आपले सरकार" पोर्टलवर.

दिव्यांग व्यक्तींना आणखी दोन वाटा आहेत. केंद्राच्या सुगम्य भारत ॲपवर फोटोसह तक्रार नोंदवता येते. आणि पालिकेने दाद दिली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार त्यांना असतात. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने काय कार्यवाही केली ते तीन महिन्यांत कळवावे लागते. पालिकेकडे केलेल्या पहिल्या तक्रारीचा क्रमांक या अर्जात द्या. तो नसेल तर अर्ज बहुधा परत पालिकेकडेच जातो.

रस्त्यात उतरावे लागले आणि अपघात झाला तर

हे लाभ विक्रेता आणि पादचारी दोघांनाही आहेत, पण फार थोडे लोक ते मागतात. २०२५ च्या रोखरहित उपचार योजनेत मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. ११२ वर फोन करा.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेखाली मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई आहे. अर्ज अपघात झालेल्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, म्हणून आधी तहसील कार्यालयात विचारा. सोबत पोलिसांकडील प्रथम खबरीची प्रत, दुखापतीचा किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत लागते.

तिसरी गोष्ट अपघाताच्या आधी करायची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाखाचे संरक्षण मिळते. ज्या बँकेतून स्वनिधीचे कर्ज घेतले तिथेच अर्ज करता येतो. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस खात्यात निदान तेवढी शिल्लक आहे ना ते पाहून ठेवा.